सरकारी नकलाकार

त्यांना पगार मिळायचा तो खोट्या नोटा करण्याबद्दल, आणि मिळायचा मात्र खऱ्या नोटांत. एकतीस वर्षं हे असं चाललं. यात हसण्यासारखं काही आहे असं त्यांना स्वतःला कधी वाटलं नाही. पापभीरू माणूस. दुकानदाराकडून एक नाणं जास्त आलं तर अर्ध्या वाटेवरून परत फिरायचे. ऑफिसातली टाचणी शर्टाला अडकून घरी आली तर दुसऱ्या दिवशी कागदात गुंडाळून परत न्यायचे.

नोटा छापण्याचा सरकारी कारखाना होता तो. नवी नोट काढायची ठरली की चित्रकार, शाईवाले, कागदवाले खपून खपून एक नमुना तयार करायचे. मग प्रश्न यायचा, ही नोट चोराला वठवता येईल का? आता हे चोराला कोण विचारणार? म्हणून खात्याने घरचाच एक चोर पगारावर ठेवला होता. हुद्द्याचं नाव दोन ओळींचं होतं, पण सगळे त्यांना नकलाकार म्हणत. तळघरात एक खोली, एक टेबल, एक दिवा. बाहेरच्या चोराला जे मिळेल तेवढंच त्यांना द्यायचं असा नियम: दुकानातला कागद, दुकानातली शाई, एक भिंग आणि चार ब्रश. वरच्या मजल्यावरची यंत्रं नुसती बघायलासुद्धा बंदी. एवढ्यावर चार महिन्यांत त्यांनी नवी नोट हुबेहूब करून दाखवायची. नाही जमली तर नोट पास, आणि सगळ्या खात्याला चहा. जमली तर नोट नापास आणि सगळ्यांची मेहनत पाण्यात. म्हणजे या एका माणसाची फजिती झाली की शंभर माणसांना आनंद! एकोणीस वेळा फजिती झाली होती, एकोणीस वेळा चहा. त्यांनाही एक कप यायचा. ते तो आदराने पीत.

ही नोकरी लागली कशी तेही सांगण्यासारखं आहे. तरुणपणी ते दुकानांच्या पाट्या रंगवत. एकदा काम नव्हतं म्हणून एका किराणा दुकानाच्या फरशीवर त्यांनी पडलेली नोट रंगवली. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक वाकायचं, नखाने खरवडायचं आणि कोणी पाहिलं तर नसेल ना म्हणून इकडेतिकडे बघत बुटाची नाडी बांधायचं. चपलेतली माणसंसुद्धा नाडी बांधायची! एक दिवस कारखान्याचे तेव्हाचे साहेब साबण घ्यायला आले. तेही वाकले. उठले ते तडक विचारत, "हे कोणी केलं?" दुकानदाराला वाटलं, आता पोलीस येणार. आलं ते नेमणुकीचं पत्र.

पहिल्या दिवशी त्यांच्याकडून शपथ घेतली. मी केलेली एकही नोट या भिंतीबाहेर जाऊ देणार नाही, आणि माझं काम घरीदारी कोणाला सांगणार नाही. ही शपथ त्यांनी देवाला स्मरून घेतली. फॉर्मवर नुसती सहीच मागितली होती, पण यांनी डोळे मिटून हात जोडले.

त्यामुळे परीक्षा झाली की त्यांची नोट तिथल्या तिथे यंत्रात जाई. दातेरी यंत्र होतं, हाताने फिरवायचं, नोटेचे तांदळाच्या कणीएवढे तुकडे करणारं. चार महिने डोळे फोडून केलेलं काम, आणि दोन गरके झाले की संपलं. घरी बायकोला माहीत होतं ते एवढंच, की हे कागदखात्यात आहेत. तिची कुरकुर वेगळीच. "समोरचे सुतार बघा, घरात कपाट आहे त्यांच्या हातचं. खालच्या शिंप्याची बायको नवऱ्याने शिवलेला कोट घालून मिरवते. आमच्याकडे काय? एकतीस वर्षं जाताय कुठेतरी, पण हे मी केलं म्हणून दाखवायला काडी नाही घरात!"

"नाही," ते म्हणत आणि ताटातलं संपवत.

ही कुरकूर त्यांना लागत नसे असं नाही. पण सांगणार कोणाला?

निवृत्तीला नऊ दिवस उरले असताना विसाव्या नोटेची परीक्षा आली. मोठी नोट होती ती. करड्या तपकिरी रंगाची, वर फांदीवर बसलेला पक्षी, शेपटीला सात पिसं. या वेळी नकलाकारांनी जीव ओतला होता. एक रंग जमवायला त्यांनी एकोणचाळीस मिश्रणं केली. पण अडलं ते कागदापाशी. दुकानातला कागद लुळा. खरी नोट बोटात धरली की कशी कुरकुरते, तशी यांची कुरकुरेना. एका रविवारी बायको शर्टांच्या कॉलरला खळ लावत होती. हे बाजूला जाऊन बसले.

"इतकी कडक कशी होते गं?"

"आज काय इस्त्रीची हौस आलीय? खळ गरम असतानाच लावायची. आणि पातळ. आणि दोनदा. घाई केली की पापुद्रे सुटतात."

यांनी ते मनात लिहून घेतलं. सोमवारी तळघरात छोट्या शेगडीवर खळ शिजली, पातळ, गरम, दोनदा. कागद कुरकुरला! हे खुर्चीतून उठून खोलीभर एक चक्कर मारून आले.

आणखी एक नियम होता. नकली नोटेत एक चूक मुद्दाम ठेवायची, आणि ती कोणती हे लिहून पाकिटात बंद करून आधीच मोठ्या साहेबांकडे द्यायची. परीक्षेनंतर पाकीट फोडून खात्री करायची आणि मगच नोट यंत्रात घालायची. या वेळी त्यांनी पक्ष्याचं एक पीस कमी केलं होतं. सातऐवजी सहा. पण गंमत अशी, की पाकिटं फोडायचंच खात्याने कधीचं सोडलं होतं. नकली नोट लांबूनच कळायची, मग पाकीट फोडायचं कशाला? शिवाय पाकीट फोडायची सुरी नवव्या वर्षी हरवली होती आणि नवी मागवण्याचा अर्ज अजून टेबलाटेबलांवरून फिरत होता. पाकिटं कपाटात पडून होती, सगळी बंद.

शुक्रवारी सकाळी हिरव्या कापडावर दोन नोटा मांडल्या गेल्या. परीक्षक तिघं. एक मोठे साहेब, दुसरी शाईखात्याची प्रमुख, जिला सगळे शाईबाई म्हणत, आणि तिसरा यंत्रवाला, जो नोटा तपासायचं यंत्र सांभाळी. नकलाकारांनी कोपऱ्यात उभं राहायचं आणि एक अक्षर बोलायचं नाही, हाही नियमच.

साहेबांनी दोन्ही नोटा कुरकुरवल्या. शाईबाईंनी वास घेतला. यंत्रवाल्याने दोन्ही तपासणीच्या यंत्रातून काढल्या, दोन्ही वेळा हिरवा दिवा लागला.

"या वेळी बरी केलीय हो," साहेब कोपऱ्याकडे बघत म्हणाले. "पण आमचे डोळे काय आज फुटलेत? ही बघा. जरा जास्तच नीटनेटकी आहे ना? खरी नोट इतकी देखणी नसते."

"हो, ही अतिच करतेय," शाईबाई म्हणाल्या.

"हीच," यंत्रवाला म्हणाला. साहेब बोलले की त्याचं मत तयार असे.

तिघांनी वहीत सह्या केल्या आणि ती नोट दातेरी यंत्रात घातली. चोर सोडून संन्याशाला फाशी! नकलाकारांच्या डोळ्यांदेखत खऱ्या नोटेचे तुकडे झाले, पिशवीत गेले, पिशवीला लाख लागली. आणि हिरव्या कापडावर राहिली ती यांची, सहा पिसांची. साहेबांनी ती दोन बोटांनी उचलली, काचेच्या डबीत ठेवली, डबी तिजोरीत गेली. मंगळवारी तिच्यावरून छपाईचे ठसे घ्यायचे होते.

चहा आला. नकलाकारांच्या हातात तो तसाच गार झाला.

बोलायला हवं होतं. पण परीक्षेत बोलायचं नाही हा नियम, आणि परीक्षा संपली तेव्हा तोंड उघडेना. खरं सांगायचं तर नियमाने नव्हतं ते मिटलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांची एक नोट जिवंत राहिली होती. काचेच्या डबीत होती. आणि गप्प बसलं तर मंगळवारनंतर घरोघरी जाणार होती, प्रत्येक पाकिटात, प्रत्येक गल्ल्यात, बायकोच्या डाळीच्या डब्यातसुद्धा, जिथे ती चार पैसे लपवते आणि तिला वाटतं यांना माहीत नाही. शपथेचं काय? शपथ मात्र मोडणार होती. एकही नोट भिंतीबाहेर जाऊ देणार नाही म्हणाले होते, आणि आता जाणार होती लाखोंनी.

शनिवारभर ते घरात वस्तू उचलत आणि परत तिथेच ठेवत राहिले. शेवटी जेवताना बायकोला म्हणाले,

"समज, तू एक स्वेटर विणलास. आणि लोक म्हणाले, हा दुकानातलाच. तू सांगशील, की मी विणलाय म्हणून?"

"गच्चीवर जाऊन सांगेन!"

"पण सांगितलंस तर ते उसवून टाकतील."

"मग कशाला सांगते? गप्प बसेन आणि मनात हसेन."

यांना जरा बरं वाटलं. घास तोंडाजवळ नेला.

"आणि देवाची शपथ घेतली असेल तर? सांगायचं?"

बायकोने पळी खाली ठेवली. "शपथ घेतलीय का?"

"समज."

"मग मला काय विचारताय? ज्याची घेतलीय त्याला विचारा. जेवा आता, गार होतंय."

रविवारी त्यांनी ज्याची शपथ घेतली होती त्याला विचारलं. बराच वेळ हात जोडून बसले. उत्तर काय यायचं होतं? ते शुक्रवारीच आलं होतं. यांनीच दार लावून घेतलं होतं.

सोमवारी सकाळी ते साहेबांच्या खोलीत गेले. शाईबाई आणि यंत्रवाला तिथेच होते, ठशांची तयारी चालली होती.

"साहेब, तिजोरीतली नोट माझी आहे."

साहेबांनी खिसा चाचपला. "तुमची? पडली होती का?"

"तशी माझी नाही. मी केलेली."

साहेबांनी शाईबाईंकडे बघितलं, शाईबाईंनी तिजोरीकडे. मग साहेब हसले. "निवृत्ती जवळ आली की होतं असं. आमच्या काकांनाही शेवटच्या आठवड्यात वाटायचं, की अख्खी इमारतच त्यांनी बांधलीय."

"पाकीट बघा, साहेब."

पाकीट शोधायला पाऊण तास गेला. फोडायला सुरी नव्हती, शाईबाईंनी केसातली पिन काढून दिली. आत लिहिलं होतं: पक्ष्याच्या शेपटीला सहा पिसं. तिजोरी उघडली. भिंग आलं. साहेबांनी मोजली. शाईबाईंनी मोजली. यंत्रवाल्याने साहेबांकडे बघितलं आणि मग मोजली.

"सहा."

"आणि खऱ्या नोटेला?"

"सात."

"खरी कुठे आहे?"

सगळ्यांनी लाखबंद पिशवीकडे बघितलं.

"पण कुरकुर!" साहेब जवळजवळ ओरडले. "दुकानातल्या कागदाला कुरकुर आली कुठून?"

"खळ, साहेब."

"कसली खळ?"

"कॉलरची."

"ही कृती तुम्हाला कोणी दिली?"

"मंडळींनी."

साहेबांचं धाबं दणाणलं. "म्हणजे वहिनींना प्रकल्पाची माहिती आहे?"

"नाही, साहेब. त्यांना वाटतं मला इस्त्रीची हौस आलीय."

शाईबाईंना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. साहेब मात्र खुर्चीत बसले आणि हळू आवाजात बोलू लागले. माणूस हळू बोलायला लागला की समजावं, आता तो आपल्या सोयीचं बोलणार.

"हे बघा. वहीत आम्हा तिघांच्या सह्या आहेत, की ही खरी. शासन सहीवर चालतं, पिसांवर नाही. उद्या ठसे होतील, आणि परवापासून खऱ्या नोटेला सहाच पिसं असतील. बिघडलं काय? लोक काय शेपट्या मोजत बसणार आहेत? आणि विचार करा, तुमच्या हातचं काम सगळ्या देशाच्या खिशात! कोणत्या कलावंताच्या नशिबी हे असतं? तुम्ही फक्त म्हणायचं, की तुमचा गैरसमज झाला."

नकलाकारांनी डबीकडे बघितलं. नोट खरंच सुंदर झाली होती. पक्ष्याच्या डोळ्यात त्यांनी एका केसाच्या ब्रशने ठेवलेला ठिपका तिथूनही दिसत होता. एक शब्द पुरला असता. गैरसमज. सोपा शब्द आहे, उच्चारायलाही कठीण नाही.

"साहेब," ते म्हणाले, "मी म्हातारा माणूस. चार महिन्यांत, दुकानातल्या शाईत आणि कॉलरच्या खळीत मी ही केली. उद्या हेच काम बाहेरचा चोर तीन महिन्यांत करेल. त्याला पीस चुकवायचीही गरज नाही. मग भाजीवाल्याच्या गल्ल्यात काय येईल ते त्यालाही कळायचं नाही आणि तुम्हालाही नाही. मला पगार हेच सांगायचा होता. एकतीस वर्षं सांगायला काही नव्हतं. आज आहे."

यंत्रवाला पहिल्यांदाच साहेबांकडे न बघता म्हणाला, "बरोबर आहे हो त्यांचं."

नोट नापास झाली. एकोणीस ओळींखाली विसावी ओळ आली आणि "ओळखली" हा शब्द एकोणीस वेळा लिहून झाल्यावर शाईबाईंनी प्रथमच "ओळखली नाही" असं लिहिलं. लिहिताना त्यांनी नवी निब लावली. नकलाकारांना मात्र ताकीद मिळाली, की ही गोष्ट त्यांनी शुक्रवारीच सांगायला हवी होती. अर्ध्या दिवसाचा पगारही कापला गेला. ते म्हणाले, पूर्ण दिवसाचा कापा, शनिवारीही मी गप्पच होतो. साहेब म्हणाले, शनिवारी सुट्टी असते.

मग नियमाप्रमाणे नकली नोट यंत्रात घालायची वेळ आली. साहेबांना इतकी घाई, की दुसरी पिशवी कोण शोधतो? शुक्रवारचीच पिशवी फोडून त्यांनी यंत्राखाली धरली. नकलाकारांनी स्वतः दांडा फिरवला. त्यांना बघायचं नव्हतं, पण डोळे मिटले तर दांडा अडकतो, म्हणून बघावं लागलं. पक्षी गेला, फांदी गेली. दोन गरके.

"अरे देवा," शाईबाई म्हणाल्या. त्या नियमांचं पुस्तक चाळत होत्या. "खरी नोट चुकून फाटली तर तिचे सगळे तुकडे कागदावर चिकटवून फायलीत कायमचे ठेवायचे. आणि नकली नोटेचे तुकडे जाळायचे."

सगळ्यांनी पिशवीत डोकावलं. आत मूठभर करडा तपकिरी भुसा होता. अर्धा खरा, अर्धा खोटा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

जाजमावर पांढरी चादर अंथरली. साहेब मांडी घालून बसले, त्यांच्या गुडघ्यांनी कुरकुर केली. शाईबाई बसल्या, यंत्रवाला वही घेऊन बसला. तिघांनी भिंगं लावली आणि अर्ध्या तासात तिघांनी भिंगं काढली.

"तुम्हीच सांगा हो," साहेब म्हणाले. "आमच्या बापाला यायचं नाही हे."

नकलाकार खाली बसले. बोटाचं टोक ओलं केलं आणि एका तुकड्यावर टेकवलं. तुकडा बोटाला चिकटून वर आला. खळ होती ना त्याला!

"हे माझं," ते म्हणाले.

त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. हे दोन शब्द या इमारतीत ते कधी बोलले नव्हते. यंत्रवाल्याने वहीत लिहिलं: नकलाकारांचं, एक.

दुसरा तुकडा चिकटला नाही. "हे नाही माझं." तिसरा चिकटला. "हे माझं." चौथा. "हेही माझंच." एकेका कणीवर सरकारी शिक्का उठत होता आणि समोर तीन अधिकारी पोरांसारखे मान डोलावत होते. शाईबाईंनी मधेच विचारलं, "हा पक्ष्याचा डोळा ना? कसा केलात?" यांनी सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या माणसाने त्यांना असं काही विचारायची ही पहिलीच वेळ. सांगता सांगता ते थांबेनात. करड्या रंगाची एकोणचाळीस मिश्रणं त्यांनी क्रमाने सांगितली, चुकलेल्या अडतिसांसकट. साहेबांनी सगळी ऐकली. उठायचं तर त्यांना तसंही कठीण झालं होतं.

असे चारशे नि काही तुकडे झाले. संध्याकाळची उन्हं जाजमावर आली तेव्हा चादरीवर एकच तुकडा उरला होता. नकलाकारांनी बोट टेकवलं. चिकटला. पण एव्हाना सगळ्या खळीने बोटच चिकट झालं होतं. आता त्याला काहीही चिकटलं असतं. त्यांनी बोट धुतलं, पुसलं, पुन्हा टेकवलं. धड चिकटेना, धड सुटेना. भिंगातून पाहिलं. उजेडाकडे धरलं. नाकाशी नेलं. जिभेलाही लावलं असतं, पण सरकारी मालमत्ता होती.

"काय लिहू?" यंत्रवाला पेन धरून बसला होता.

नकलाकारांनी तो तुकडा तळहातावर घेऊन किती वेळ बघितला, देव जाणे. स्वतःच्या हातचं काम असेल की नसेल, ते त्यांनाच ओळखता येत नव्हतं. यांच्या धंद्यात याच्या वर काही नसतं.

"मला ओळखता येत नाही," ते म्हणाले. खोटं बोलायचं कारणच नव्हतं.

"मग परीक्षकांनी ठरवायचं," शाईबाईंनी पुस्तकातून वाचलं.

साहेबांनी भिंग लावलं, काढलं, नकलाकारांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "खरं." शाईबाई म्हणाल्या, "खरं." यंत्रवाल्याने आधी लिहिलं आणि मग म्हणाला.

तो तुकडा फायलीत चिकटवला गेला, कायमचा. नकलाकारांनी त्याच्यावर अंगठा ठेवून जरा वेळ दाबून धरलं, आणि त्यांचे स्वतःचे दोनशे तेवीस तुकडे लोखंडी परातीत घेऊन ते आगपेटी मागायला गेले.